गळाची गाठ कशाने तुटते?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. खाडीच्या तोंडाशी खडपावर आम्ही चारपाच जण गरवायला बसलो होतो. भरती नुकतीच लागली होती. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर एक तरुण मुलगा बसला होता. काठी नवी, रीळ नवे, आणि गळाला जिवंत कोळंबी. अर्धा तास गेला असेल नसेल, त्याच्या काठीचे टोक एकदम पाण्याकडे वाकले. मासा बाहेर उसळला तेव्हा आम्ही सगळेच उठून उभे राहिलो. चांगला हातभर लांबीचा जिताडा होता. गोव्याकडे ज्याला चोणक म्हणतात तोच. त्याने हवेत डोके एकदा झटकले, पाण्यात पडताना दुसऱ्यांदा झटकले, आणि काठी सरळ झाली.

मुलाने दोरा गुंडाळून घेतला. गळ नव्हता. तोंडात घास गेलेला मासा सुटला याचे दुःख तर होतेच, पण त्याहून त्याचा राग दोऱ्यावर. म्हणाला, "साध्या तंगुसाच्या चौपट पैसे मोजले. दुकानदार म्हणाला, फ्लुरोकार्बन आहे, हत्ती बांधला तरी तुटणार नाही. आणि हा असा!"

आमच्यात एक वयस्क गृहस्थ होते. साठ वर्षे तरी खाडीवर काढलेली. त्यांनी त्याच्या हातातले टोक घेतले, उन्हाकडे धरून पाहिले, नखाने चाचपले आणि विचारले, "गाठ ओली केलेलीस काय रे?"

"ओली? ती पाण्यातच तर टाकायची होती!"

"पाण्यात टाकायची हे मलाही ठाऊक आहे. आवळायच्या आधी ओली केलीस काय, ते विचारतो."

मुलगा गप्प झाला. आज मी जे बोलणार आहे ते त्या एका प्रश्नाविषयी. दुकानात हा दोरा आता तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतो, हौसेने गरवणारे तो घेतात, पोटासाठी गरवणारेही घेतात, आणि पुष्कळांची तक्रार एकच असते, की दोरा मधे कुठे तुटत नाही, नेमका गाठीत तुटतो. तक्रार खरी आहे. दोष मात्र बहुतेक वेळा दोऱ्याचा नसतो.

आधी हा दोरा आहे तरी काय ते पाहू. आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात तो नायलॉनचा एकपदरी दोरा. नायलॉनचा शोध जाहीर झाला १९३८ साली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जगभरच्या सुती, तागी आणि रेशमी दोऱ्या गळावरून हळूहळू हटल्या. फ्लुरोकार्बन ही त्यानंतरची गोष्ट. जपानमधल्या कुरेहा या रसायन कंपनीने १९७१ साली या पदार्थाचा मासेमारीचा दोरा पहिल्यांदा बाजारात आणला. पदार्थाचे पूर्ण नाव पॉलिव्हिनिलिडिन फ्लोराइड. नावाला घाबरू नका. त्यात कार्बन, हायड्रोजन आणि फ्लोरिन ही तीन मूलद्रव्ये आहेत, आणि ज्या तव्याला डोसा चिकटत नाही त्याच्यावरच्या लेपाचा हा चुलतभाऊ आहे. हे नाते लक्षात ठेवा. तव्याचा गुळगुळीतपणा या घराण्यातच आहे, आणि गाठीच्या दृष्टीने तीच पहिली अडचण आहे.

लोक हा दोरा का घेतात? एक कारण म्हणजे तो पाण्यात कमी दिसतो. शिक्षकमंडळींना याचे कारण वर्गात दाखवता येईल. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची कांडी पाण्यात बुडवली तर दिसते, पण ग्लिसरिनमध्ये बुडवली तर जवळजवळ नाहीशी होते, कारण त्या दोघांचा प्रकाश वाकवण्याचा गुण, म्हणजे अपवर्तनांक, सारखाच आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, या दोऱ्याचा १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३. म्हणजे हा दोरा पाण्याच्या जास्त जवळचा. दुकानदार 'अदृश्य' म्हणतो ते काही खरे नाही. १.४२ म्हणजे १.३३ नव्हे. पण नायलॉनपेक्षा तो कमी चमकतो, एवढे मान्य केले पाहिजे.

दुसरे कारण वजन. एक घनसेंटिमीटर नायलॉन भरते १.१४ ग्रॅम, आणि हा भरतो १.७८ ग्रॅम. तो लवकर बुडतो. तिसरे कारण म्हणजे नायलॉन पाणी पितो, भिजला की मऊ पडतो आणि त्याची ताकद थोडी उतरते. हा पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल. दिवसभर खाडीत राहिला तरी सकाळचा तो संध्याकाळी. आणि चौथे, मला वाटते सगळ्यांत मोठे, कारण म्हणजे याची कातडी टणक आहे. जिताड्याच्या जबड्यात दात म्हणण्यासारखे मोठे दात नसतात, पण आतून तो कानशीसारखा खरखरीत असतो, आणि कल्ल्याच्या झाकणाची कड तर सुरीसारखी. खडपावर कालवे आणि शिंपल्या असतातच. अशा ठिकाणी टणक कातडीचा दोरा जास्त वेळ टिकतो.

पण जो टणक तो वाकायला नाखूष. आणि गाठ म्हणजे तर नुसते वाकणे.

बाभळीची ओली फांदी गुडघ्यावर धरून वाकवा. बाहेरच्या बाजूची साल ताणली जाते, आतल्या बाजूची सुरकुतते. आणखी वाकवली की बाहेरची साल आधी तडकते. दोऱ्याचे तसेच आहे. सरळ दोऱ्याला आपण ओढले की त्याच्या सगळ्या जाडीवर भार सारखा वाटला जातो. वळणावर तसे होत नाही, बाहेरच्या अंगावर जास्त भार येतो आणि आतले अंग फुकट बसून राहते. त्यातच गाठीचा पहिला वेढा दोऱ्याला बाजूने चिमटा घेतो. म्हणून तुटलेल्या गाठी तुम्ही नीट पाहिल्यात तर दोरा बहुधा गाठीच्या पोटात तुटलेला नसतो, तो गाठीत शिरतो त्या उंबरठ्याशी तुटलेला असतो. हे नायलॉनलाही लागू आहे. पण नायलॉन थोडा लवचिक, थोडा दबणारा. तो गाठीत बसताना शेजाऱ्याला जागा करून देतो. फ्लुरोकार्बन तसा दबत नाही. त्याचा एक वेढा दुसऱ्यावर आडवा आला, तर ताण पडताच तो त्याला करवतीसारखा चावतो.

आता त्या ओल्या गाठीकडे येऊ. कोरडी दोरी तळहातातून झर्रकन ओढली तर हात भाजतो, हे विहिरीवर पाणी काढलेल्या कुणालाही सांगायला नको. गाठ आवळताना हेच घडते, फक्त लहान जागेत. वेढे एकमेकांवरून सरकतात, घर्षण होते, आणि दोऱ्याच्या कातडीपुरती उष्णता निर्माण होते. नायलॉन सहा नावाचा जो सामान्य प्रकार आहे तो सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतो, हा सुमारे १७० अंशांच्या आसपास. शिवाय हा टणक असल्याने घासण्याच्या जागा लहान असतात आणि तिथला दाब जास्त. गाठ काही वितळून जात नाही, पण वरची कातडी खरवडली जाते, दोरा कुरळा होतो, पांढुरका पडतो. डोळ्यांना दिसले नाही तरी घाव बसलेला असतो. मग लहान मासा येतो तोवर काही कळत नाही. मोठा येतो तेव्हा कळते.

म्हणून आवळण्याआधी गाठ ओली करायची. पाण्याने वेढे सहज सरकतात आणि उष्णताही पाणी घेऊन जाते. जुने लोक गाठ तोंडात धरून थुंकी लावतात. खाडीच्या पाण्याचा आणि आमिषाच्या हाताचा विचार केला तर मी हे कुणाला शिकवणार नाही, विशेषतः मुलांना. जवळ पिण्याच्या पाण्याची बाटली असतेच. दोन थेंब पुरतात.

ओली केल्यावर दुसरी गोष्ट म्हणजे सावकाश आवळायची. आपल्याला सवय अशी, की गाठ मारली की एक हिसका द्यायचा. गोणीचे तोंड बांधताना तो हिसका ठीक आहे. इथे तो घातक आहे. एका दमात, पण धीराने, जसा कासरा हळूहळू ओढून घेतो तशी ओढ द्यायची. वेढे एकाशेजारी एक, बांगड्या हातात बसाव्या तसे बसले पाहिजेत. एकही वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये. चढला आहे असे दिसले, किंवा गाठीच्या वर बोटभर दोरा कुरळा झालेला दिसला, तर ती गाठ सुधारायला बसू नका. कापून टाका आणि नवी मारा. विसेक सेंटिमीटर दोरा जाईल. त्या मुलाचा जिताडा त्याहून महाग होता.

आता कोणती गाठ मारावी? आपल्याकडे बहुतेकांना येते ती गाठ अशी, की दोरा गळाच्या नेढ्यातून एकदा ओवायचा, त्याच्याच भोवती सात-आठ पीळ द्यायचे आणि टोक नेढ्याजवळच्या फाशातून काढून ओढायचे. तंगुसाला ती चालते. या दोऱ्याला दोन कारणांनी चालत नाही. एक तर हा निसरडा, एका ओवणीवर धरत नाही, सुटून येतो. दुसरे म्हणजे पीळ फार झाले की टणक दोऱ्यात ते शेवटपर्यंत बसतच नाहीत, अर्धे सैल राहतात, आणि मासा लागल्यावर उरलेले आवळण्याचे काम मासा करतो, तेही हिसक्याने आणि झटक्यात. तीच गाठ मारायची असेल तर नेढ्यातून दोनदा ओवा आणि पीळ कमी करा. बारीक दोऱ्याला पाच, जाड दोऱ्याला तीन ते चार. आणि टोक काढायचे ते नेढ्याजवळच्या दोन्ही फाशांतून.

पण मी तुम्हाला दुसऱ्या दोन गाठी सांगतो. रेडिओवरून गाठ शिकवणे म्हणजे पत्राने पोहायला शिकवण्यासारखे आहे, तरी करून पाहू. घरात सुतळीचा हातभर तुकडा असेल आणि एखादी जुनी बांगडी असेल तर जवळ घ्या. बांगडी म्हणजे गळाचे नेढे समजायचे.

पहिली गाठ पालोमार नावाची. सुतळीचे टोक वीतभर दुमडा. आता तुमच्या हातात दुपदरी सुतळी आहे आणि पुढे दुमडीचा फासा आहे. हा फासा बांगडीतून ओवून पलीकडे काढा. मग त्या दुपदरीचीच एक साधी गाठ मारा, पुडीला आपण पहिली गाठ मारतो तशी, पण आवळू नका, सैलच ठेवा. बांगडी आता खाली लोंबते आहे आणि फासा मोकळा आहे. तो फासा मोठा करून सबंध बांगडी त्याच्यातून पार काढा. झाले. आता ओली करा, आणि लांब दोरा व मोकळे टोक ही दोन्ही एकत्र धरून हळूहळू ओढा. फासा वर सरकून नेढ्याच्या डोक्यावर बसतो. सोपी आहे, पण या दोऱ्याने मारताना एका गोष्टीवर डोळा ठेवावा लागतो, की दुपदरीचे दोन पदर शेजारी-शेजारीच राहिले पाहिजेत. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांसारखे. एक पदर दुसऱ्याला आडवा गेला की आवळताना त्याला कापलाच म्हणून समजा. अंधारात, थंडीने बोटे आखडलेली असताना ही गाठ बिघडते ती इथेच.

दुसरी गाठ युनि. हिला आपण सरकगाठ म्हणू या. सुतळीचे टोक बांगडीतून ओवा आणि वीतभर परत मागे आणा, म्हणजे लांब दोरा आणि टोक शेजारी-शेजारी येतील. आता टोक पुन्हा बांगडीच्या दिशेने वळवा. एक गोल तयार झाला. या गोलाच्या आतून, टोकाने दोन्ही पदरांभोवती वेढे घ्यायचे. जाड दोरा असेल तर तीन-चार, बारीक असेल तर पाच. शेवटी टोक गोलातूनच बाहेर काढायचे. ओली करा. आधी मोकळे टोक ओढा, म्हणजे वेढे एका रांगेत येतील. पण पुरते आवळू नका. मग लांब दोरा ओढा, म्हणजे गाठ सरकत नेढ्यापाशी येईल. तिथे आल्यावर पुन्हा एकदा टोक ओढून आवळा. मला स्वतःला जाड दोऱ्यासाठी हीच आवडते, कारण ती दोन टप्प्यांत आवळली जाते आणि वेढे कसे बसले ते मधे थांबून पाहता येते. पहिल्या प्रयत्नात जमली नाही तर चिडू नका. मला जमायला एक संध्याकाळ आणि बरीच सुतळी लागली.

मोकळे टोक अगदी मुळाशी कापण्याचा मोह पुष्कळांना होतो. दोन-तीन मिलिमीटर शेपूट ठेवा. निसरडा दोरा पहिल्या ताणाला थोडासा आत सरकतो, त्याला सरकायला जागा हवी. आणि कापायचे ते कात्रीने. विडी किंवा काडी लावून टोक जाळण्याची सवय नायलॉनवाल्यांना असते. ती इथे वर्ज्य समजा. हा पदार्थ जळताना हायड्रोजन फ्लोराइड नावाचा विषारी वायू निघतो. तो फुप्फुसांना आणि डोळ्यांना फार अपायकारक आहे. नायलॉन की फ्लुरोकार्बन हे ओळखण्यासाठीही जाळून पाहू नका, आणि शाळेत तर मुळीच नाही.

त्या वयस्क गृहस्थांनी टोक उन्हाकडे धरून काय पाहिले, ते सांगायचे राहिले. तुटलेले टोक ही साक्षीदाराची जबानी असते. रागाने फेकून देऊ नये. टोक डुकराच्या शेपटीसारखे गोल वळलेले असेल तर दोरा तुटलेला नाही, गाठ सुटलेली आहे. वेढे कमी पडले किंवा नीट आवळले नव्हते. टोक आखूड, स्वच्छ तुटलेले असेल आणि आधीचा दोरा चांगला असेल, तर गाठीने दोऱ्याला चावले. आवळताना कोरडी होती किंवा पदर आडवे गेले. टोकाच्या मागे बोट-दोन बोटे दोरा खरखरीत, पांढरट, ओरखडलेला असेल तर खडपाचे नाहीतर माशाच्या जबड्याचे काम. त्या मुलाचे टोक स्वच्छ होते, पण त्याच्या वरचा बोटभर भाग कुरळा होता. म्हणून तो प्रश्न.

आणि एक चौथी गोष्ट असते, तिच्याकडे कुणी पाहत नाही. गळाचे नेढे. स्वस्त गळात तार वळवून नेढे केलेले असते आणि तारेचे टोक दांड्याला पुरते टेकलेले नसते. बारीक फट राहते, आणि त्या टोकाला धार असते. गाठ फिरत-फिरत त्या फटीत जाऊन बसली की उत्तम गाठही कापली जाते. गळ घेताना नेढे नखाने तपासा. फट असेल तो गळ बाजूला ठेवा. काही गळांना नेढे नसतेच, डोके चपटे असते. त्यांच्या दांड्यावर दोरा गुंडाळून बांधतात, पण त्या चपट्या डोक्याची कडही अशीच तपासून घ्यावी.

दोरा किती लावावा हाही प्रश्न आहे. सगळे रीळ फ्लुरोकार्बनने भरण्याची गरज नाही. तो महाग, ताठर, आणि रिळावरून कुरळा होऊन सुटतो. गळाजवळ वावभर तुकडा लावला की त्याचे काम होते, बाकीचा तंगूस किंवा विणीचा दोरा. या दोन दोऱ्यांच्या जोडाची गाठ हा एक वेगळाच विषय आहे. विणीचा दोरा फार बारीक आणि मजबूत, तो टणक दोऱ्यावर जरासा सरकला तरी कापतो, म्हणून त्याचे वेढे आलटून-पालटून विणावे लागतात. ते मात्र शेजारी बसून पाहिल्याशिवाय येणार नाही. आज सोडून देतो. पाकीट घेताना एवढे पाहा, की त्यावर शंभर टक्के फ्लुरोकार्बन लिहिले आहे, की नुसता फ्लुरोकार्बनचा लेप दिलेला नायलॉन आहे. दुसरा वाईट नसतो, पण त्याला पहिल्याचा भाव देऊ नये.

रिळाला जी घसरण असते, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोरा सोडून देणारी कळ, ती फार आवळलेली असेल तर वर सांगितलेले सगळे व्यर्थ. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला, फार तर तिसऱ्या हिश्शाला, दोरा सुटायला लागला पाहिजे. नऊ किलोचा दोरा असेल तर सुमारे सव्वादोन ते तीन किलोवर. काट्याच्या तराजूला बांधून एकदा पाहून घ्या. त्या मुलाची कळ इतकी आवळलेली होती, की मी हाताने ओढून पाहिली तेव्हा काठीच वाकली.

आता शिक्षकांसाठी एक प्रयोग सांगतो. त्याला खर्च जवळजवळ नाही, आणि मुलांना हा ताण, भार, सरासरी यांचा धडा पुस्तकापेक्षा बरा समजतो. दोन-तीन किलोचा बारीक दोरा घ्या. वरचे टोक फांदीला किंवा तुळईला गाठ मारून बांधू नका, नाहीतर ती वरचीच गाठ आधी तुटेल. अंगठ्याएवढा जाड, गुळगुळीत बांबूचा तुकडा आडवा घट्ट बांधा आणि त्याच्यावर दोऱ्याचे आठ-दहा फेरे घेऊन मग टोक एखाद्या खिळ्याला अडकवा. फेऱ्यांवर ताण थोडाथोडा मुरत जातो, तिथे दोरा तुटत नाही. जहाज धक्क्याला लावतात तेव्हा दोर खुंटाभोवती फिरवतात तो याच कारणाने. खालच्या टोकाला किल्ल्यांची लोखंडी कडी, आणि कडीला आपली तपासायची गाठ. कडीला लहान बादली अडकवा. बादली जमिनीपासून चार बोटेच वर ठेवा, खाली वाळू किंवा पोते पसरा. मुलांनी दोन हात दूर उभे राहावे, आणि पाणी ओतणाऱ्याने चष्मा घालावा, कारण तुटलेला दोरा उलट फटकारतो.

मग मापाने पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. बादलीचे वजन आधी करून ठेवा आणि मिळवा. कोरडी, हिसक्याने आवळलेली गाठ पाचदा. ओली, सावकाश आवळलेली गाठ पाचदा. तिसऱ्यांदा मधोमध एक नुसती साधी गाठ मारून पाहा. दोऱ्यात चुकून पडलेली ही साधी गाठ, वाऱ्याने पडते म्हणून काही जण तिला वाऱ्याची गाठ म्हणतात, दोऱ्याची किती ताकद खाते ते पाहून मुले चकित होतात. पाच-पाच आकडे लिहून सरासरी काढायची. आकडे मी सांगत नाही. दोरा, जाडी, हात, सगळ्यांवर ते बदलतात, आणि तुमच्या वर्गाचे आकडे तुमचेच असावेत. एक सूचना मात्र अवश्य द्या, की दोरा हाताला गुंडाळून कुणी ओढायचा नाही. तो लोण्यात सुरी जावी तसा मांसात जातो.

प्रयोगाचे आणि गरवण्याचे कापलेले तुकडे तिथेच टाकू नका, ही विनंती. हा दोरा कुजत नाही. तुटलेल्या दोऱ्यात बगळ्याचे पाय अडकतात, खाडीकाठी चरणारी गुरे गवताबरोबर तो गिळतात. जो जिताडा त्या दिवशी गेला, तो तोंडात गळ घेऊन गेला. दोरा गळापाशीच तुटला म्हणून त्याच्यामागे तरी काही लोंबत नव्हते. वावभर दोरा मागे घेऊन गेलेला मासा पुढे कुठे खडपात अडकतो आणि तिथेच मरतो. झाकणाची जुनी बाटली पिशवीत ठेवावी, तुकडे तिच्यात टाकावेत.

तो मुलगा पुढच्या भरतीला पुन्हा आला होता. बसण्याआधी त्याने खिशातून एक हिरवी काचेची बांगडी काढली आणि त्या वयस्क गृहस्थांना तिच्यावर मारलेली गाठ दाखवली. त्यांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, नखाने चाचपली आणि म्हणाले, "एक पदर चढलाय. काप." त्याने कापली आणि पुन्हा मारायला बसला. बांगडी आईची असावी, कारण जाताना ती त्याने फार जपून खिशात ठेवली.

वेळ संपली. नमस्कार.